गनप्लाचा रंग कोणाचा?

गनप्लाचं, म्हणजे 'गंडम' या जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या यंत्रमानवांच्या प्लास्टिक किटचं, एखादं मॉडेल डोळ्यांत भरलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, "रंगवलंय, की प्लास्टिकचाच रंग आहे?" १९८० साली हा प्रश्न कुणाला सुचलाच नसता. त्या वर्षीच्या जुलैत जपानी दुकानांत आलेल्या पहिल्या गनप्लाचे सगळे भाग एकाच पांढऱ्या प्लास्टिकचे होते. डब्यावरच्या चित्रात छाती निळी, कंबर तांबडी, पावलं तांबडी. झाकण उघडलं की आत पांढरंच पांढरं. प्रमाण १/१४४, म्हणजे गोष्टीतला अठरा मीटरचा यंत्रमानव हातात साडेबारा सेंटिमीटरचा. किंमत ३०० येन, शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशांत बसणारी. रंग ज्याचा त्याने आणायचा.

त्याआधीचं थोडक्यात. जपानी बनावटीचं पहिलं प्लास्टिक किट १९५८ च्या डिसेंबरात आलं, ते पाणबुडीचं. शिझुओकात तेव्हा लाकडी मॉडेलं बनत. प्लास्टिक आलं तसे तिथले लाकूडवाले साच्यांकडे वळले, आणि आज जपानमधल्या बहुतेक मोठ्या मॉडेल कंपन्यांचा पत्ता त्याच परिसरातला आहे. साठच्या दशकात एका ब्रिटिश कठपुतळी मालिकेतल्या यानांची किट जोरात खपली आणि विज्ञानकथाही विकते हे कारखानदारांना कळलं. ती किट काढणारी कंपनी १९६९ मध्ये बुडाली, तिचे काही साचे टोकियोच्या एका खेळणी कंपनीने घेतले. गनप्ला पुढे याच कंपनीने काढला. तिकडे अमेरिकेत १९७७ च्या एका अवकाशपटासाठी जहाजं बनवणाऱ्यांनी रणगाड्यांची आणि युद्धनौकांची किट फोडून त्यांचे तुकडे जहाजांच्या अंगाला डकवले. या अशा तोडजोडीला, म्हणजे किटबॅशला, प्रतिष्ठा मिळाली ती तिथून. जपानची वाट मात्र वेगळी होती.

ती ज्या मालिकेतून निघाली ती मालिका खरं तर पडलेली. ५२ भाग ठरले होते, खेळणी खपेनात म्हणून ४३ वर गुंडाळली. किट बाजारात आलं तेव्हा मालिका बंद होऊन सहा महिने झाले होते. पुनःप्रक्षेपणाने आणि १९८१-८२ मधल्या तीन चित्रपटांनी मुलं परत आली, ती इतकी की जानेवारी १९८२ मध्ये चिबा प्रांतातल्या एका दुकानात गनप्ला घ्यायला धावलेली पोरं एस्कलेटरवर एकमेकांवर कोसळून जखमी झाली.

गर्दीच्या या गोष्टी सगळे सांगतात. मला त्याच काळातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तेव्हाची किट साधीच होती: सांधे जेमतेम हलायचे, पाय आखडलेले, अंगावर बारकावे नाहीत, कारण मूळ चित्रातच नव्हते. छंदाच्या मासिकांत लिहिणारी तरुण मंडळी तोवर रणगाडे आणि विमानं बनवत आली होती. त्यांनी तीच हत्यारं या पांढऱ्या बाहुल्यावर चालवली. पाय कापून लांब केले, कंबरेत पुट्टी भरून ती वळवली, प्लास्टिकवर नखाएवढ्या झडपा कोरल्या, कडांना घासल्याच्या खुणा, पावलांना चिखल, छातीवर लष्करी क्रमांक. पँथर रणगाडा चुकीच्या छटेत रंगवला तर कुणीतरी जुना फोटो नाकासमोर धरतं. इथे फोटोच नाही! यंत्रच खोटं, मग त्याचा खरा रंग कोणता हे ठरवणार कोण? जो बनवेल तो. १९८३ मध्ये कंपनीने यंत्रांच्या नवनव्या आवृत्त्यांची वेगळी मालाच काढली. पडद्यावर कधी न दिसलेली, मासिकांच्या पानांवर वाढलेली यंत्रं त्यात अधिकृत किट म्हणून आली. हौशी माणसाचा फेरफार कंपनीच्या डब्यात जाऊन बसला.

मग आला तो निर्णय, ज्यावर अजून भांडणं होतात. ऐंशीच्या दशकात रंगीत प्लास्टिकचे आणि गोंदाविना जुळणारे भाग हळूहळू येत गेले आणि १९९० मध्ये, दहाव्या वर्षाच्या निमित्ताने, दोन्ही एका किटमध्ये पूर्णपणे एकत्र आलं. एकाच साच्यात वेगवेगळ्या तोंडांतून वेगवेगळ्या रंगांचं वितळलेलं प्लास्टिक सोडायचं. बाहेर येणाऱ्या एकाच रनरवर (भाग ज्याला जोडलेले असतात त्या चौकटीवर) पांढरा, निळा, तांबडा, पिवळा असे चारही रंग शेजारी शेजारी. निपरने (बारीक पक्कडीने) कापा, दाबा, टक् आवाज, झालं. गोंदाची नळी नको, ब्रश नको, आईची बोलणी नकोत.

जुन्या लोकांना हे पटलं नाही. "हे मॉडेल नाही, विटांचा खेळ आहे" ही तक्रार आजही ऐकू येते. तक्रारीत दम नाही असं नाही. पण त्या पांढऱ्या किटांतली किती अर्धवट रंगवून माळ्यावर गेली असतील याचा हिशेब तक्रार करणारे मांडत नाहीत. सक्ती गेली आणि रंगवणं ही निवड झाली. माझं माप त्या बाजूला झुकतं, हे लपवत नाही.

खरा गुंता शब्दांत झाला. किट जसं आलं तसं जोडणं याला जपानीत 'सुगुमी' म्हणतात. १९८० मध्ये सुगुमी म्हणजे न रंगवलेलं, उघडच अपुरं पांढरं बाहुलं. तोच शब्द १९९० नंतर चारचौघांत मांडता येईल अशा रंगीत मॉडेलला लागू लागला. त्यातून वेगळं काढायला 'पाचिगुमी' हा शब्द रूढ झाला. 'पाची' म्हणजे तो टक् आवाज: नुसतं दाबून जोडलेलं. मग वाद सुरू. गेटची (भाग रनरपासून कापला त्या जागेची) पांढरी खूण सॅंडपेपरने घासली, तर ती अजून पाचिगुमी की सुगुमी? जोडाची रेघ गोंदाने बुजवली तर? मॅट टॉपकोट (चमक मारणारा शेवटचा पारदर्शक थर) मारला तर? कुणी म्हणतं, टॉपकोट हा रंग नाही. कुणी म्हणतं, स्प्रेचा कॅन उचलला तिथे सुगुमी संपलं. आखणीच्या पेनाने फटींत करड्या रेघा ओढणाऱ्याला तर दोन्हीकडचे आपल्यात धरत नाहीत. ('आखणी' हा शब्द मी गणपतीच्या कारखान्यांतून उसना घेतलाय. मूर्तीचे डोळे आखणाऱ्याला ज्या कारणासाठी सगळे मानतात त्याच कारणासाठी.) 'कस्टम' या शब्दाचंही तेच. काहींच्या मते नुसता रंग बदलला की कस्टम, काहींच्या मते करवत लागल्याशिवाय नाही. स्पर्धेच्या नियमावलीत व्याख्या वाचून न घेता मॉडेल पाठवणारा भलत्याच गटात जाऊन पडतो.

गोंद गेला त्याची किंमत रंगवणाऱ्यांनी वेगळीच मोजली. गोंदाच्या किटमध्ये दोन भाग वितळून एकजीव होत आणि स्वस्थ राहत. दाबून बसणाऱ्या भागांत खुंटी भोकात कायम ताणलेली असते. त्या ताणलेल्या प्लास्टिकला इनॅमलचं थिनर लागलं की ते फटीतून आत झिरपतं आणि भाग तडकतो. एबीएस या टणक प्लास्टिकचे सांधे तर हटकून. माझ्याकडे एक खांदा असा गेला. रात्री फटीत काळं वॉश (खूप पातळ केलेला इनॅमल रंग) सोडलं, खूश होऊन झोपलो, सकाळी खुंटी कडेने केसाएवढी चिरलेली. उचलला तर हात हातात आला. तेव्हापासून आधी रंग, त्यावर ग्लॉसचा थर, मगच वॉश; आणि शक्यतो सुटे भाग असतानाच.

आपल्याकडच्या नवशिक्यांना आणखी दोन खड्डे. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळणारं एनसी थिनर पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचं प्लास्टिक, खातं. ब्रश धुवायला ठीक, मॉडेलला लावायला नाही. दुसरा पावसाळा. लॅकर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळ्याभोर चिलखतावर ताक सांडल्यासारखा पांढरट थर येतो. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत कापाकापी करावी, घासावं, कॅनला हात लावू नये. पेणला स्प्रे गनने मूर्ती रंगवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना एअरब्रशची ओळख नव्याने करून द्यायला नको. नोझल बारीक, एवढाच फरक.

१९९० नंतरचा पट सगळ्यांच्या कपाटातच आहे. १९९५ मध्ये मास्टर ग्रेड ही १/१०० ची माला, १९९८ मध्ये १/६० ची परफेक्ट ग्रेड, २०१० मध्ये आतला सांगाडा जवळजवळ तयारच देणारी १/१४४ ची रिअल ग्रेड. यातलं प्रत्येक पाऊल आधी हौशी माणूस करवतीने जे करत होता ते डब्यात आणून ठेवणारं होतं: सांगाडा, हलणारे गुडघे, कोरीव रेघा. २००९ मध्ये टोकियोच्या ओदायबात त्याच यंत्रमानवाचा अठरा मीटरचा पुतळा उभा राहिला आणि त्याच्या अंगावरच्या फटी आणि सूचनाफलक पाहून लोक किटवर तशीच अक्षरं चिकटवू लागले. ती पद्धत मूळची मॉडेलवाल्यांचीच. २०११ पासून जागतिक स्पर्धा सुरू झाली. २०१३ मध्ये गनप्ला बनवणाऱ्या मुलांवरच टीव्ही मालिका आली आणि दोन किटांचे भाग अदलाबदल करणं ही गोष्ट खोकी विकायच्या योजनेतच घातली गेली. २०२० मध्ये आलेल्या एका किटला निपरही लागत नाही, बोटांनी भाग सुटतात.

२०२१ मध्ये कंपनीने उरलेले रनर परत गोळा करायला सुरुवात केली. जपानभर पेट्या ठेवल्या, मुलं आपले रिकामे रनर त्यांत टाकू लागली. हे वितळवून नवं किट काढायचं तर अडचण एकच: सगळे रंग एकत्र आल्यावर त्यातून फक्त काळा निघतो. त्यामुळे ती किट नखशिखांत काळी आहेत, एकाच रंगाची, १९८० च्या किटसारखी. माझ्याकडे एक आहे. प्रायमर मारून ठेवलंय, ऑक्टोबरची वाट बघतोय.