खानदेशातील साहित्याभ्यासाचे सन्मान व अधिछात्रवृत्त्या

साहित्याच्या अभ्यासकाला कारकिर्दीत मिळणारे विद्याविषयक लाभ स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. काम चालू असताना निर्वाहासाठी मिळते ती वृत्ती आणि काम मान्य झाल्यावर मिळतो तो सन्मान. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या प्रदेशात दोहोंचा इतिहास सापडतो. वृत्तीची सोय या प्रदेशाने काही वेळा स्वतः केली, सन्मान मात्र बहुतांशी बाहेरून आले.

प्राचीन आधार : चाळीसगावजवळील पाटण येथील भवानीच्या देवळातला शिलालेख हा या विषयाचा सर्वांत जुना स्थानिक पुरावा मानता येईल. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेस आणला, पुढे जर्मन संस्कृतज्ञ कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी व भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिल्याचे लेखात नमूद आहे. लेखातील शक ११२८ आणि प्रभव संवत्सर यांचा मेळ बसत नाही. श्रावण पौर्णिमा व चंद्रग्रहण हे उल्लेख जमेस धरता ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख निघते, म्हणजे शकाचा आकडा एकाने कमी पडला असावा. संवत्सराचे नाव व ग्रहण यांची साक्ष परस्परांना पूरक असल्याने हीच तारीख स्वीकारणे युक्त दिसते.

लेखाचा शेवटचा भाग मराठीत असून अध्ययनाचा खर्च कसा भागवावा हे त्यात बारकाईने सांगितले आहे. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाकडे वळवला आहे आणि चालू असलेल्या दर घाण्यामागे पळीभर तेल लावून दिले आहे. बाजारपेठेच्या नित्य उत्पन्नावर बांधलेली ही वृत्ती होती. तिचा लाभ ज्योतिषाच्या विद्यार्थ्यांना झाला, साहित्याच्या नव्हे, हे खरे. तरी एका ग्रंथकाराच्या लेखनाचा अभ्यास हाच तिचा उद्देश असल्याने ती येथे विचारात घेतली आहे.

याच लेखात सन्मानाचाही उल्लेख येतो आणि तो वादग्रस्त आहे. चांगदेवाच्या वंशावळीच्या आरंभी कविचक्रवर्ती त्रिविक्रम असून त्याचा पुत्र भास्करभट्ट याला भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिली, असे म्हटले आहे. हा त्रिविक्रम म्हणजेच ‘नलचंपू’ या गद्यपद्यमिश्रित संस्कृत काव्याचा कर्ता, असे अनेक अभ्यासक मानतात; दोघांचेही शांडिल्य गोत्र हा त्यांचा मुख्य आधार. अडचण कालाची आहे. ‘नलचंपू’कार त्रिविक्रमभट्ट हा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या इ. स. ९१५ च्या ताम्रपटाचा रचनाकार होता. परमार भोज तर अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. पिता-पुत्रांत सुमारे शंभर वर्षांचे अंतर पडते. भास्कराचार्यांच्या १११४ या जन्मवर्षापासून पिढ्या मागे मोजल्या तर भास्करभट्ट भोजाच्या काळात नीट बसतो. त्यामुळे पदवी देणारा भोज परमारच असावा आणि दोन त्रिविक्रम एकच असल्याचे मत सावधपणे घ्यावे, हे बरे. भास्कराचार्यांचे गाव ‘विज्जडविड’ म्हणजे पाटणच की कसे, हा वाद स्वतंत्र असून मठाच्या दानाशी त्याचा संबंध पोचत नाही.

यानंतरच्या शतकांतील पुरावा विरळ आहे. पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दिली जाणारी दक्षिणा सेनापती खंडेराव दाभाडे यांच्यापासून सुरू झाली, असे सामान्यतः मानतात. इंग्रजी अमलात तिच्या निधीतून दक्षिणा फेलो नेमले गेले आणि मराठी ग्रंथांना पारितोषिके दिली गेली. न्या. रानडे व रा. गो. भांडारकर हे अशा फेलोंपैकी होत. या व्यवस्थेचे केंद्र पुणे-मुंबई हेच राहिले.

अमळनेर : प्रतापशेट यांच्या औदार्याने १९१६ मध्ये उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञान मंदिराने आधुनिक काळात अधिछात्रवृत्तीची (फेलोशिपची) परंपरा खानदेशात रुजवली. टी. आर. व्ही. मूर्ती, रासबिहारी दास यांसारखे अभ्यासक येथे राहून गेले. जी. आर. मलकानी यांनी संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली. रससंकल्पनेवर मौलिक निबंध लिहिणारे कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ संचालक होते. साने गुरुजी अमळनेरला आले ते याच संस्थेच्या निमित्ताने. शाळेतली शिक्षकी त्यानंतरची. कापसाच्या व गिरणीच्या पैशावर देशभरातील अभ्यासकांना तालुक्याच्या गावी आणून बसवणारी ही संस्था खानदेशाच्या बौद्धिक इतिहासात आजवर मिळाली त्याहून मोठ्या जागेची हक्कदार आहे.

धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ वि. का. राजवाडे यांच्या मृत्यूनंतर, १९२७ मध्ये स्थापन झाले. त्याचे साहाय्य मुख्यतः साधनसंग्रहाच्या रूपाचे आहे.

विद्यापीठीय क्रम : १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) स्थापन होईपर्यंत येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडे होती. त्यामुळे पीएच.डी.ची नोंदणी पुण्याला आणि नोकरी जळगाव-धुळ्याला, अशी प्राध्यापकांची ओढाताण होई. आता ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (जे.आर.एफ.) मिळालेला विद्यार्थी दोन वर्षांनंतरच्या मूल्यमापनानंतर वरिष्ठ अधिछात्र होतो. जानेवारी २०२३ पासून हे दर दरमहा ३७,००० व ४२,००० रुपये आहेत. मानव्यविद्यांसाठीचा आकस्मिक खर्च पहिली दोन वर्षे वार्षिक १०,००० व पुढे २०,५०० रुपये मिळतो. ओव्या, लोकगीते गोळा करणाऱ्याला याच रकमेत ग्रंथ, छायाप्रती आणि गावोगावचा प्रवास बसवावा लागतो. क्षेत्रीय कामाच्या मानाने ती अपुरी आहे.

सन्मान : साहित्य अकादमीचा मराठीतील १९५६ चा पुरस्कार बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ला मरणोत्तर मिळाला, १९९१ चा भालचंद्र नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवर’ला. मर्ढेकरांचा जन्म फैजपूरचा, नेमाड्यांचा सांगवीचा. दोन्ही गावे यावल तालुक्यातली. एक युगप्रवर्तक कवी, दुसरा युगप्रवर्तक कादंबरीकार; अकादमीने मात्र दोघांच्याही समीक्षाग्रंथांवर मोहोर उमटवली. १९५५ चा मराठीतील पहिला पुरस्कारही लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या वैचारिक ग्रंथाला होता. म्हणजे प्रारंभी अकादमीचा कल विवेचनाकडे होता, असे म्हणण्यास जागा आहे. १९९१ च्या निवडीला हे कारण लागू पडत नाही. ‘टीकास्वयंवर’ने मराठी समीक्षेचा रोख बदलला, हेच तिचे पुरेसे समर्थन होय.

नेमाडे यांच्या कारकिर्दीत सन्मानांचा जवळजवळ सर्व पट दिसतो : पद्मश्री (२०११), २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार, आणि २०२१ मध्ये साहित्य अकादमीचे महत्तर सदस्यत्व (फेलोशिप). एका वेळी जास्तीत जास्त २१ हयात साहित्यिकांनाच ते मिळू शकत असल्याने अभ्यासक ते पुरस्काराहून वरचे मानतात. मुंबई विद्यापीठातील तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावरून नेमाडे निवृत्त झाले. देशीवादावरील त्यांचे इंग्रजी विवेचन सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केले.

अहिराणी : अकादमीच्या मान्यताप्राप्त २४ भाषांत अहिराणी नाही. तिच्या अभ्यासकांचे ग्रंथ मराठीत लिहिले असतील तर मराठीच्या स्पर्धेत उतरतात. एरवी १९९६ पासून अकादमीतर्फे दिला जाणारा भाषा सन्मान हाच त्यांना राष्ट्रीय पातळीवरचा मार्ग उरतो. भिलोरी व पावरी बोलींच्या अभ्यासकांनाही तोच लागू आहे.