वैद्यकीय विशेषज्ञ संघटनांचे व्यवसायसाहाय्य : सोलापूर

वैद्यकाच्या एकाच शाखेत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्था आपल्या सभासदांना दवाखाना किंवा नर्सिंग होम चालवण्याच्या कामी करतात ती मदत. कायद्यांची पूर्तता, नोंदवह्या, संमतिपत्रे, नोंदणीचे नूतनीकरण, उपचारांची मानके, वैद्यकीय दाव्यांत सल्ला आणि शासनाकडे मांडायची बाजू हे तिचे मुख्य विषय. शास्त्रीय चर्चा हा या संस्थांचा मूळ हेतू. व्यवसायसाहाय्याची जोड त्याला मागाहून मिळाली.

राष्ट्रीय पातळीवरील संस्थांपैकी शल्यचिकित्सकांची संघटना 1938 मध्ये, फिजिशियनांची 1944 मध्ये, तर बालरोगतज्ज्ञांची अकादमी मुंबई व कोलकाता येथील दोन जुन्या संस्था एकत्र येऊन 1963 मध्ये स्थापन झाली. सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आजचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, याच वर्षीचे. शहरातील विशेषज्ञांच्या संख्येत त्याचा वाटा मोठा आहे.

स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र संघटनांच्या महासंघाचा (फॉग्सी) आरंभ कधीचा मानावा, याबाबत दोन पद्धती दिसतात. एक पद्धत 1936 च्या सुमारास मद्रास येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेपर्यंत मागे जाते. दुसरी 6 जानेवारी 1950 हा दिवस धरते. त्या दिवशी मद्रासच्याच सहाव्या परिषदेत अहमदाबाद, बंगाल, मुंबई, मद्रास व पंजाब येथील संस्थांनी महासंघ स्थापण्याचे ठरवले. संस्थात्मक दृष्टीने दुसरी तारीख अधिक ग्राह्य वाटते, कारण महासंघाची रचना तेथेच निश्चित झाली. फॉग्सी हा शहरोशहरीच्या स्वायत्त संस्थांचा महासंघ असून डॉक्टर स्थानिक संस्थेमार्फतच त्याच्याशी जोडला जातो. त्यामुळे सोलापुरातील स्त्रीरोगतज्ज्ञाला अडचणीत पहिला आधार गावातल्याच संस्थेचा असतो.

व्यवसायसाहाय्याचा काळ साधारणतः 1990 नंतरचा मानतात. त्याचे श्रेय बहुधा 13 नोव्हेंबर 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला दिले जाते. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यातील त्या निकालाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. दाव्यांची धास्ती तेव्हापासून वाढली हे खरे. तथापि दावा एखाद्याच डॉक्टरवर होतो, नोंदवही मात्र सगळ्यांना रोज भरावी लागते. म्हणून निदान स्त्रीरोग व क्ष-किरण या दोन शाखांपुरता तरी गर्भलिंगनिदानविरोधी कायदा हा अधिक महत्त्वाचा टप्पा ठरतो.

महाराष्ट्राने असा कायदा 1988 मध्येच केला होता. केंद्राचा 1994 चा कायदा 1 जानेवारी 1996 पासून अमलात आला व 2003 मध्ये अधिक कडक झाला. त्यानुसार प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी ‘फॉर्म एफ’ (तपासणीचे कारण व तपशील नोंदवण्याचा ठरावीक नमुना) भरावा लागतो, महिन्याचा अहवाल पुढील महिन्याच्या 5 तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावा लागतो, कागदपत्रे किमान 2 वर्षे जपावी लागतात. सोलापूर शहरात हे प्राधिकारी महापालिकेचे, तर उर्वरित जिल्ह्यात शासकीय आरोग्य यंत्रणेचे असतात. फॉर्ममधील उणीव किंवा विसंगती, उलट सिद्ध होईपर्यंत, कायद्याचा भंग समजली जाते. पहिल्या अपराधाला 3 वर्षांपर्यंत कैद व 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. कारकुनी चुकीला फौजदारी गुन्हा ठरवू नये, अशी याचिका फॉग्सीने केली. सर्वोच्च न्यायालयाने ती 3 मे 2019 रोजी फेटाळली. फॉर्म हा तपासणीच्या हेतूचा पुरावाच असल्याने त्याला दुय्यम लेखता येत नाही, असा निकालाचा रोख होता. राज्यातील 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण 2001 मध्ये 913 होते, ते 2011 मध्ये 894 वर आले. हे आकडे पाहता न्यायालयाची भूमिका योग्यच म्हणावी लागते. फॉर्म अचूक कसा भरावा याचे प्रशिक्षण डॉक्टरांना आणि प्रत्यक्ष कागद हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना देणे, हे संघटनेचे काम त्यानंतर अधिकच निकडीचे झाले.

सोलापुरात याला भाषेचा पेच जोडला जातो. पूर्व भागातील विणकर व विडी कामगार कुटुंबांत तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर तसेच विजयपूर व कलबुर्गीकडून येणारे अनेक रुग्ण कन्नडभाषक असतात. शहरात उर्दू बोलणारेही पुष्कळ. गर्भजल तपासणीसारख्या प्रक्रियेपूर्वी स्त्रीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी, असे याच कायद्याचे कलम 5 सांगते. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले, की निदानासाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला पुरत नाही. केवळ मराठी वा इंग्रजीत छापलेल्या कागदावर घेतलेला अंगठा म्हणूनच डॉक्टरला वाचवत नाही आणि रुग्णालाही न्याय देत नाही. चार भाषांतील मसुदे वकिलाकडून तपासून घेणे, कायदा बदलला की ते सुधारणे, हे दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होमला एकट्याने झेपणारे नाही. विशेषज्ञ संघटनेची खरी गरज इथे दिसते. वार्षिक अधिवेशनांतल्या नव्या शस्त्रक्रियांच्या सत्रांना मिळणारा वेळ याही विषयाला मिळायला हवा.

मानकांच्या बाबतीत फॉग्सीचा ‘मान्यता’ हा उपक्रम उल्लेखनीय आहे. खासगी प्रसूतिगृहांसाठी त्यात 16 निकष ठरवले असून प्रशिक्षण व तपासणीनंतर प्रमाणपत्र दिले जाते.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण होते. त्यासाठी लागणारे 30 क्रेडिट पॉइंट (ज्ञान अद्ययावत ठेवल्याबद्दल मिळणारे गुण) मिळवून देणारी व्याख्याने स्थानिक शाखा भरवतात. नर्सिंग होमची नोंदणी 1949 च्या कायद्याखाली होते. जैववैद्यकीय कचऱ्याला 2016 चे नियम लागू असून तो पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या अशा चार गटांत वेगळा करावा लागतो. ही बंधने सर्व शाखांना सारखीच असल्याने त्यांचा पाठपुरावा बहुधा इंडियन मेडिकल असोसिएशनकडे राहतो. रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा 2010 चा कायदाही त्याच कक्षेत येतो.