हॅलोवीनची हलती भुतं आणि वायपरची मोटर : पार्श्वभूमी

घरच्या अंगणात उभी राहणारी हलती भुतं ही तशी अलीकडची गोष्ट आहे. दुकानांच्या काचेमागे मान डोलावणारे सांता आणि जत्रांमधली भूतघरं अमेरिकेत कितीतरी जुनी. पण त्यांच्यामागच्या गिअर मोटरी कारखान्यांसाठी बनलेल्या आणि महागड्या असत. ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे भुताखेतांच्या हॅलोवीन सणाच्या, एका संध्याकाळसाठी तेवढा खर्च कोणी करत नसे. घरगुती कारागिराच्या आवाक्यात आली ती आधी घड्याळाची मोटर आणि बऱ्याच काळानंतर भंगारातल्या गाडीची.

घड्याळातली सिंक्रोनस मोटर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आली. तिचा वेग ठरतो विजेच्या फ्रिक्वेन्सीवर, व्होल्टेजवर नाही. मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी आणि नाताळच्या तारेच्या हरणाची मान हलवणारी चपटी मोटर याच कुळातली. साधारण ४ वॉट, अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर मिनिटाला ६ फेरे, आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर ५. गणपतीच्या मखरात मूर्तीमागे फिरणाऱ्या चक्राला हीच जात लागते. मात्र अमेरिकेतून आणलेली ११०–१२० व्होल्टची मोटर इथल्या २३० व्होल्टवर लावली, तर वेग वाढत नाही, फक्त वाइंडिंग जळतं.

या मोटरीचा एक गुण नवख्याला दोष वाटतो. ती सुरू होताना कुठल्या दिशेने फिरेल याचा भरवसा नसतो. वाटेत काही अडलं की क्षणभर थरथरते आणि उलटी फिरू लागते. अंगावर दोन्ही दिशांचे बाण छापलेले असतील तर ती अशीच आहे असं समजावं. हरणाच्या मानेला याने फरक पडत नाही, कारण छोट्या क्रँकला, म्हणजे मोटरच्या शाफ्टवर बसवलेल्या फिरत्या दांड्याला, जोडलेली काडी दोन्ही दिशांना सारखीच पुढेमागे होते. म्हणून थडग्याच्या दगडामागून हळूच डोकावणाऱ्या कवटीसाठी तिच्याइतकी चांगली मोटर आजही नाही. एवढंच सांभाळायचं की तिच्यावर फोम चिकटवू नये. चालताना ती चांगलीच तापते आणि हवा मिळाली नाही तर तासा-दोन तासांत मरते.

खरा बदल नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. पांढऱ्या जाळीदार कापडाचं, वरून टांगलेलं आणि हात-डोकं तरंगवत हलणारं भूत तेव्हा इंटरनेटवरच्या आराखड्यांतून घरोघरी पोचलं. रचना अगदी साधी आहे. वर लाकडी चौकट, मधोमध मोटर, तिच्यावर आडवा फिरणारा १० ते १२ सेंटिमीटरचा क्रँक. क्रँकच्या टोकाला तीन नायलॉनच्या दोऱ्या, त्या चौकटीच्या तीन बाजूंच्या कड्यांतून खाली येऊन डोक्याला आणि दोन मनगटांना बांधलेल्या. क्रँक ज्या कडीपासून लांब जाईल ती दोरी वर ओढली जाते, त्यामुळे डोकं आणि हात कधीच एकदम उचलले जात नाहीत. सगळी जादू या पुढेमागे होण्यात आहे. टोकाला मासेमारीचं स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती मोकळं फिरणारं कडं, हवंच. दोऱ्या थेट बोल्टला बांधल्या तर प्रत्येक फेऱ्याला त्या बोल्टभोवती गुंडाळल्या जातात आणि भूत हळूहळू छताला जाऊन टेकतं.

याला मिनिटाला ६ ते १५ फेरे लागतात. त्या वेगाची तयार गिअर मोटर महाग, म्हणून लोक वळले गाडीची काच पुसणाऱ्या वायपरच्या मोटरीकडे. फेराइटचं कायम चुंबक, आत वर्म गिअर (स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो तो), हळू आणि जलद अशा दोन वेगांसाठी तीन ब्रश आणि भंगारात मुबलक. वर्म गिअरमुळे वीज गेली तरी भार मोटरीला उलटं फिरवू शकत नाही. अडचण एकच होती, ती म्हणजे वेग. १२ व्होल्टवर हळू वेगाच्या तारेवरही मिनिटाला सुमारे ४५ फेरे पडतात. त्या वेगाचं भूत तरंगत नाही, झटके देतं.

हा वेग कमी कसा करायचा, इथेच वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. एका बाजूचं म्हणणं, जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय घ्या, हिरवी तार काळीला जोडून तो चालू करा आणि मोटरला लाल तारेवरचे ५ व्होल्ट द्या. दुसरी बाजू म्हणते की व्होल्टेज कमी केलं की ताकद जाते, म्हणून १२ व्होल्टच ठेवा आणि पीडब्ल्यूएम मॉड्यूलने (वीज झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या सर्किटने) वेग उतरवा, टॉर्क म्हणजे फिरवण्याची ताकद पूर्ण मिळते.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद ऐकायला पटतो आणि बराचसा चुकीचा आहे. वेगवान पीडब्ल्यूएमवर मोटरला दिसतं ते सरासरी व्होल्टेज. १२ व्होल्टच्या ४२ टक्के म्हणजे ५ व्होल्टच. आकडे मांडून बघा. ५ व्होल्टवर रिकामा वेग साधारण १९ फेरे येतो. समजा एखादं वजन उचलताना १२ व्होल्टवर वेग ४५ वरून ३९ वर येतो, म्हणजे ६ फेरे पडतात. तेच वजन ५ व्होल्टवरही सुमारे ६ फेरेच खाणार. पण १९ मधून ६ गेले म्हणजे एक तृतीयांश वेग गेला. मग हात वर जाताना रेंगाळतो आणि खाली येताना धावतो. पीडब्ल्यूएम लावला तरी हेच होतं. मंद फ्रिक्वेन्सीच्या, शंभर-दोनशे हर्ट्झच्या मॉड्यूलचा फायदा एवढाच की पूर्ण व्होल्टेजचे ठोके जागच्या घर्षणावर मात करतात आणि अगदी कमी वेगातही मोटर अडकत नाही. त्याची किंमत म्हणजे ऐकू येणारी गुणगुण, आणि शांत अंगणात ती भुताचा घात करते.

रेंगाळण्यावर खरा इलाज वजन तोलण्याचा आहे. उचलल्या जाणाऱ्या हाताच्या उलट बाजूला वाळूची बाटली किंवा ताणलेलं इलास्टिक लावलं की मोटरला फक्त घर्षण ओढायचं उरतं. मग ५ व्होल्ट पुरतात. हे न करता इलेक्ट्रॉनिक्स बदलत बसण्यात लोकांनी वर्षं घालवली.

पॉवर सप्लायबाबत मात्र पहिल्या बाजूचं बरोबर होतं. सुरू होताना मोटर क्षणभर अडकलेल्या मोटरइतका करंट ओढते. १२ व्होल्टवर अडकून २० अँपिअर घेणाऱ्या मोटरची वाइंडिंग ०.६ ओहमची, म्हणजे ५ व्होल्टवरही ८ अँपिअरचा झटका येतो. एक-दोन अँपिअरचा भिंतीवरचा अडॅप्टर तिथेच बसतो आणि दोष मोटरच्या माथी मारला जातो.

जुन्या वायपर मोटरींची बॉडी बहुतेकदा ऋण ब्रशला जोडलेली असते. अशी मोटर उलटी फिरवायला तारा अदलाबदल केल्या की बॉडी धन होते. शेजारी त्याच लोखंडी चौकटीवर सुलट जोडलेली दुसरी मोटर असेल तर थेट शॉर्ट. म्हणून चौकट लाकडाची ठेवावी किंवा बोल्टला रबरी बुश घालावेत. क्रँकचा नटही नायलॉनचा लॉकनट हवा. साधा नट धक्क्यांनी सैल होतो आणि क्रँक शाफ्टचे दाते खाऊन टाकतो.

पुण्या-मुंबईतल्या भंगारात ट्रक-बसच्या २४ व्होल्टच्या वायपर मोटरीही येतात. हलत्या देखाव्यांसाठी त्या चुकीच्या नव्हेत, उलट सोयीच्या, कारण १२ व्होल्टवर त्या मूळच्या जवळपास निम्म्या वेगाने फिरतात. पॉवर विंडोच्या मोटरींचं तसं नाही. त्या काही सेकंद चालण्यासाठी असतात. सतत फिरवल्या की आतला थर्मल कटआउट त्यांना बंद पाडतो. झटकन उठून बसणाऱ्या शवपेटीतल्या सांगाड्याला त्या चालतात.

२००५ नंतर आर्डुइनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड आणि त्यापाठोपाठ स्वस्त सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या छोट्या मोटरी, आल्यावर कवट्यांचे जबडे आणि डोळे सर्वोवर गेले. नऊ ग्रॅमचा सर्वो कवटीची मान पेलत नाही, त्याचे प्लास्टिकचे दाते पहिल्याच रात्री झिजतात. मोठी हालचाल वायपरकडेच राहिली, फक्त ती आता अखंड चालत नाही. माणूस जवळ आला की त्याच्या अंगाची उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढतो.

त्यामुळे इतकी वर्षं कापून टाकली जाणारी पार्कची तार कामाला आली. गाडीत वायपर नेहमी काचेच्या तळाशी थांबतो तो तिच्यामुळे. रिलेचा कॉमन (मधला) संपर्क मोटरच्या हळू तारेला, एरवी उघडा असणारा संपर्क धनाला, एरवी बंद (जोडलेला) असणारा संपर्क पार्कच्या तारेला आणि पार्क स्विचची पुरवठ्याची तार कायम धनाला जोडायची. सेन्सर सुटला तरी मोटर फेरा पुरा करते, मूळ जागी आल्यावर स्विच हळू तार ऋणाला टेकवतो आणि मोटर ब्रेक लागल्यासारखी थांबते. क्रँक शाफ्टवर बसवण्याआधी मोटर एकदा पार्कवर थांबवून घ्यावी आणि भूत थडग्यामागे पूर्ण लपेल त्या कोनात क्रँक आवळावा.