सागरी अभयारण्यांतील जलगुणवत्ता-संरक्षण

सागरी अभयारण्यांतील जलगुणवत्ता-संरक्षण : समुद्राचा जो भाग कायद्याने राखीव ठेवला आहे, तेथील पाणी त्या भागातील जीवसृष्टीला मानवेल अशा प्रतीचे राखण्याची व्यवस्था. वनातील अभयारण्य आणि सागरी अभयारण्य यांत मूलभूत फरक आहे. वनातली माती जागेवर राहते, समुद्रातले पाणी राहत नाही. कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. मालवणच्या अभयारण्यात सकाळी असलेले पाणी संध्याकाळी तेथेच असेल असे नाही. त्यामुळे मासेमारीवर निर्बंध घालणे, नांगर टाकण्यास मनाई करणे असे हद्दीतले उपाय कितीही चोख असले, तरी पाण्याची प्रत बव्हंशी हद्दीबाहेर, आणि बरेचदा किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत ठरते.

पहिले सागरी संरक्षित क्षेत्र कोणते, याविषयी एकमत नाही. अनेक लेखक अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या टोकाजवळच्या फोर्ट जेफरसन राष्ट्रीय स्मारकाला (१९३५) हा मान देतात. तेथे जमिनीच्या मानाने पाण्याचा विस्तार कितीतरी मोठा होता हे खरे. पण क्षेत्राचे नावच किल्ल्यावरून आहे. जमीन आणि समुद्र या दोहोंचा नावातच उल्लेख असलेले बहामातील एक्झुमा केज उद्यान (१९५८) हे खरे आद्य उदाहरण, असे दुसरे मत आहे. पॅसिफिकमधील फिजी, पलाऊ, हवाई या बेटांवर ठरावीक काळ खडक-खाजणे मासेमारीला बंद ठेवण्याच्या रूढी होत्या. त्या गृहीत धरल्या तर प्रारंभ कितीतरी मागे न्यावा लागतो, आणि त्याचा काळ निश्चित करणे अवघड होते. तथापि पाण्याची प्रत हा स्वतंत्र हेतू म्हणून यांपैकी कोठेही ठळकपणे दिसत नाही. या नोंदीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा टप्पा १९८८ चा वाटतो. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने कोस्टारिकातील सान होसे येथे सागरी संरक्षित क्षेत्राची जी व्याख्या स्वीकारली, तीत तळाबरोबर त्यावरील पाण्याचाही स्पष्ट समावेश होता. संघाच्या संरक्षित क्षेत्रांविषयीच्या २००८ च्या सर्वसाधारण व्याख्येत मात्र पाण्याचा वेगळा उल्लेख उरला नाही.

समुद्रातील प्रदूषणापैकी ८० टक्के जमिनीवरून येते, हे विधान सर्वत्र आढळते; पाठ्यपुस्तकांतही ते निःशंकपणे दिलेले असते. त्याचे मूळ बहुधा सागरी प्रदूषणविषयक संयुक्त तज्ज्ञगटाच्या (जेसॅम्प, स्थापना १९६९) १९९० च्या अहवालात असावे. त्यात नदी-नाल्यांतून वाहून येणारे पाणी व थेट विसर्ग ४४ टक्के, वातावरणातून ३३, जहाज वाहतूक १२, समुद्रात टाकलेला कचरा १० आणि सागरी खनिज उत्पादन १ टक्का अशी विभागणी होती. पहिल्या दोन बाबींची बेरीज ७७ होते आणि तीच पुढे ८० झाली असावी. ही वाट मान्य केली तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. एक, ८० मध्ये धुराड्यांतून व शेतांवरून हवेत गेलेले आणि पावसाबरोबर समुद्रात उतरलेले द्रव्यही आहे. केवळ नळा-गटारांचा तो आकडा नव्हे. दुसरे, तो स्थूल जागतिक अंदाज आहे. एखाद्या खाडीला किंवा अभयारण्याला तो जसाच्या तसा लावणे चूक ठरेल. जामनगरजवळच्या कच्छच्या आखातात तेलवाहू जहाजांचा वाटा अर्थातच निराळा असणार. जमिनीवरील स्रोतांचे प्राधान्य मात्र वादग्रस्त नाही. जमिनीवरील प्रदूषणापासून समुद्राचे रक्षण करण्यासाठीच्या १९९५ च्या वॉशिंग्टन जागतिक कृतिकार्यक्रमाचा पायाच तो होता.

या द्रव्यांत सर्वाधिक कष्टदायक ठरतात ती पोषके, म्हणजे नायट्रोजन व फॉस्फरस. प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) पेशींत कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस सरासरीने १०६ : १६ : १ या प्रमाणात असतात (रेडफील्ड प्रमाण). मैला आणि खते यांमुळे हा तोल ढळला की शैवाल माजते, ते मरून तळाशी कुजते आणि ऑक्सिजन संपवते. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन गेला की बहुतेक मासे तेथून निघून जातात. शिंपल्यांना, प्रवाळांना जाता येत नाही. अशी ४०० हून अधिक ऑक्सिजनशून्यप्राय क्षेत्रे २००८ पर्यंत नोंदली गेली होती.

भारतीय निकष : पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांना जोडलेल्या परिशिष्टात (सुमारे १९९८ पासून) किनारी पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केलेले आहेत. मिठागरे, शिंपल्यांची पैदास व परिस्थितिकीदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे पहिल्या वर्गात येतात. स्नान व व्यापारी मासेमारी दुसऱ्या. पाचव्यात नौकानयन व नियंत्रित विसर्ग. पहिल्या वर्गासाठी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या (पाण्यात जास्तीत जास्त विरघळू शकणाऱ्या प्रमाणाच्या) ६० टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते, असा नियम आहे. या पर्यायाची चिकित्सा सहसा होत नाही, म्हणून ती येथे केली आहे. २८ अंश सेल्सियस तापमानाच्या व सामान्य खारटपणाच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन फार तर ६.४ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. त्याचे ६० टक्के म्हणजे ३.८. तेव्हा आपल्या उष्ण किनाऱ्यावर ‘६० टक्के’ हा पर्याय कधी लागूच होत नाही. तो लागू व्हायला संपृक्तता ८.३ च्या वर, म्हणजे पाणी बरेच थंड असावे लागेल. व्यवहारात ५ हाच आकडा उरतो आणि तो संपृक्ततेच्या सुमारे ७८ टक्के भरतो. म्हणजे नियम दिसतो त्याहून कडक आहे आणि त्यात दुपार-पहाटेच्या नैसर्गिक चढउताराला जागा थोडी आहे. पहाटे घेतलेला नमुना नापास आणि दुपारचा पास, असे स्वच्छ खाडीतही होऊ शकते. नमुन्याची वेळ नोंदवल्यावाचून ऑक्सिजनचा आकडा वाचू नये.

याउलट पोषकांसाठी या तक्त्यांत संख्यात्मक मर्यादाच नाही. तेल व ग्रीस (लिटरला ०.१ मिलिग्रॅम), पारा, शिसे व कॅडमियम यांच्यासाठी आकडे आहेत. नायट्रेट, फॉस्फेट नाहीत. प्रवाळांना नेमका त्यांचाच धोका असताना ही उणीव राहणे खेदाचे आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. अभयारण्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली जाहीर होतात. प्रादेशिक समुद्राचा भाग घ्यायचा असल्यास केंद्राची पूर्वसंमती लागते, सीमा मुख्य नौदल जलसर्वेक्षकांच्या विचाराने ठरवतात आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपावे लागते. अभयारण्यात येणारा वा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणे, अडवणे वा वाढवणे कलम २९ ने परवान्यावाचून निषिद्ध आहे. प्रवाहाच्या परिमाणाचा असा उल्लेख आहे. प्रतीसाठी १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमाकडे जावे लागते. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना (१९९१, २०११, २०१९) सागरी उद्यानांना सर्वांत कडक गटात ठेवतात.

महाराष्ट्रात मालवण सागरी अभयारण्य (१३ एप्रिल १९८७; २९.१२२ चौ. किमी., गाभा ३.१८२ चौ. किमी.) आणि ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य (२०१५) ही प्रमुख उदाहरणे. मालवणात सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या सभोवतीचे प्रवाळ, पर्यटक नौकांचे तेल आणि गावाचे सांडपाणी यांविषयी चिंता व्यक्त होते.

नागपूर आणि समुद्र : विदर्भात समुद्र म्हटले की कोकण आठवते, नागपूरचे पाणी मात्र पूर्वेकडे जाते. शहर पिण्याचे पाणी पेंच व कन्हानमधून घेते आणि नाग नदीतून परत करते. लाव्ह्याच्या टेकड्यांकडून निघालेली नाग अंबाझरी तलावावरून शहर ओलांडते, पिवळी नदीसह कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि तेथे गोसीखुर्द धरणाचा फुगवटा असतो. पुढे वर्धा मिळून प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरी, आणि अखेरीस आंध्रच्या किनाऱ्यावरील गौतमी शाखेच्या मुखाशी कोरिंगा अभयारण्याची (१९७८, २३५.७० चौ. किमी.) खारफुटी. नागपूरच्या नाल्याचा दोष कोरिंगाच्या चिखलात थेट दाखवणे घाईचे होईल. सेंद्रिय मळ वाटेत बराच विघटित होतो आणि धरणे गाळ धरून ठेवतात. विरघळलेला नायट्रोजन, टिकाऊ रसायने व प्लॅस्टिक यांना मात्र हा प्रवास अडवत नाही. धरणे सिलिकाही अडवतात, आणि त्याच्या अभावी सिलिकाचे कवच असलेल्या करंडक शैवालांऐवजी (डायाटम) उपद्रवी प्लवकांना वाव मिळतो. डॅन्यूबवरील आयर्न गेट धरणाच्या संदर्भात काळ्या समुद्राविषयी १९९७ मध्ये असे प्रतिपादन झाले. गोदावरीला ते किती लागू करावे, यात सावधपणा बरा.

किनाऱ्यापासून इतक्या दूर असलेल्या या शहरात राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) आहे, हा योगायोग नव्हे. १९५८ मध्ये ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. मैल्याचे काय करायचे, हा तिचा मूळ प्रश्न. समुद्र त्यातूनच पुढे आला. मुंबईच्या वरळी व वांद्रे येथील सांडपाणी खोल समुद्रात सोडणाऱ्या वाहिन्यांभोवतीच्या पाण्याचा अभ्यास संस्थेच्या मुंबई प्रयोगशाळेने केला आहे. देशपातळीवरील किनारी पाण्याची नियमित मोजणी सुमारे १९९० पासून निराळ्या सागरी कार्यक्रमातून होते.

उपायांपैकी सांडपाण्याची वाट बदलण्याचा परिणाम सर्वांत चांगला नोंदलेला आहे. हवाईच्या कानेओहे उपसागरातून १९७७–७८ मध्ये मैलापाण्याचे दोन विसर्ग हलवले. प्लवके लवकर घटली, प्रवाळांवर पसरलेले हिरवे बुडबुडे-शैवालही काही वर्षांत ओसरू लागले. पण नंतर सुधारणा थबकली, कारण ते खाणारे मासे कमी झाले होते असे मानतात. पुढे २००६ मधील दीर्घ ढगाळ पावसाळी काळानंतर ते शैवाल झपाट्याने घटले. पाणी सुधारले म्हणून खडक आपोआप सुधारतो, असे यावरून म्हणता येत नाही. पाणी न सुधारता मात्र तो सुधारल्याचे उदाहरण सापडणे कठीण.

नागपुरात भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी परिसरातील औष्णिक वीजकेंद्राला दिले जाते. नदीतला भार तेवढा हलका होतो. खारफुटीला गोडे पाणीही लागते, त्यामुळे नदीतून पाणीच काढून घेणे हा सर्वत्र चालणारा उपाय नव्हे, असा आक्षेप येतो. तो तत्त्वतः योग्य आहे. येथे मात्र कोराडीच्या शीतनमनोऱ्यांतून वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याच्या बदल्यात पेंचचे तेवढे गोडे पाणी धरणात उरू शकते.