चित्रपुस्तके आणि बालकांची चिंता

अंधार, डॉक्टरांची सुई, ढगांचा गडगडाट, बालवाडीचा पहिला दिवस अशा प्रसंगी लहान मुलांच्या मनात दाटणारी भीती हलकी व्हावी, म्हणून मोठ्या माणसाने मुलाला जवळ घेऊन चित्रपुस्तक वाचण्याची एक पद्धत आहे. ती ग्रंथोपचाराची, म्हणजे पुस्तकांच्या वाचनातून मनाला आधार देण्याच्या उपायाची, एक शाखा मानली जाते. ग्रंथोपचार या अर्थाचा इंग्रजी शब्द अमेरिकी धर्मोपदेशक व निबंधकार सॅम्युएल क्रोदर्स यांनी १९१६ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या अमेरिकी मासिकातील लेखात वापरला.

तीन-चार वर्षांच्या मुलाला भीती जाणवते, पण ती सांगायला त्याच्याजवळ शब्द नसतात. ‘पोटात दुखतंय’ म्हणणे किंवा आईच्या कडेवरून न उतरणे हीच त्याची भाषा असते. पुस्तकात मात्र घाबरलेला असतो तो ससा किंवा अस्वलाचे पिल्लू, त्यामुळे मुलाला त्या भीतीविषयी न लाजता बोलता येते. शिवाय पान उलटणे मुलाच्या हाती असते. भीतीच्या चित्रावर ते बोट ठेवून थांबते, मागे जाते, पुस्तक मिटून टाकते आणि थोड्या वेळाने तेच पान पुन्हा मागते. मोठ्यांना कंटाळवाणे वाटणारे हे ‘परत वाच’ म्हणजे भीतीची थोडी थोडी सवय करून घेणेच होय.

अमेरिकी लेखक-चित्रकार मॉरिस सेंडॅक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या पुस्तकात ही किमया चित्रांच्या मांडणीतच आहे. खोड्यांमुळे आईने उपाशी खोलीत पाठवलेल्या मॅक्स या मुलाचे मन जसजसे अनावर होते तसतसे चित्र पानभर पसरत जाते, मधल्या तीन जोडपानांवर शब्दच उरत नाहीत आणि अखेरीस तो कल्पनेतल्या राक्षसांच्या देशातून आपल्या खोलीत परततो तेव्हा जेवण अजून गरम असते. जेवण न देता मुलाला खोलीत पाठवण्याच्या प्रसंगावर मानसशास्त्रज्ञ ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६९ मध्ये टीका केली. मुलांनी मात्र हे पुस्तक आपलेसे केले.

मराठी घरांत मूल जेवावे किंवा झोपावे म्हणून बागुलबुवाची भीती घालण्याची जुनी रीत आहे. हा बागुलबुवा कोणी पाहिलेला नसतो आणि म्हणूनच तो मुलाच्या मनात हवा तेवढा मोठा होतो. चित्रात भीतीला कान, डोळे, शेपूट मिळाले की तिला पानाइतकीच जागा उरते.

वाचणाऱ्याचे वागणे पुस्तकाइतकेच महत्त्वाचे ठरते. ‘बघ, ससा घाबरला नाही, मग तू कशाला घाबरतोस?’ असे म्हटले की मूल गप्प होते. ‘सशाला आता काय वाटत असेल?’ असे विचारून उत्तराची वाट पाहिली तर ते स्वतःचेच सांगू लागते. नवी शाळा किंवा इस्पितळ यांवरचे पुस्तक तो प्रसंग येण्याच्या काही दिवस आधी, मूल निवांत असताना वाचणे चांगले. रडे फुटल्यावर आधी कुशीत घ्यावे. आईवडिलांपासून दुरावण्याची तीव्र भीती चार आठवड्यांहून अधिक टिकली आणि खाणे, झोप वा शाळा बिघडली, तर केवळ पुस्तकांवर न विसंबता बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा.