जनावर भुकेपुरतंच मारतं? नाही, तसं नसतं

"जनावर पोट भरलं की थांबतं, हाव फक्त माणसाला" हे वाक्य शिकारीवर बोलणं निघालं की कोणीतरी म्हणतंच, आणि मीही ते कित्येक वर्षं खरं मानून चाललो होतो.

मग गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मावशीच्या खुराड्यात रानमांजर शिरलं. सकाळी बघतो तर नऊ कोंबड्या मरून पडलेल्या, मानेवर बारीक भोकं, जाळीला पिसं चिकटलेली, आणि नेलेली फक्त एक.

यात नवल काहीच नाही. हान्स क्रूक या प्राणीशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच कोल्हे-तरसांच्या अशा जादा शिकारीवर लिहिलंय. मारायची ऊर्मी आणि खायची भूक या दोन वेगळ्या गोष्टी, रानात एकाला धरेपर्यंत बाकीचे पळतात म्हणून ते दिसत नाही, बंद खुराड्यात पळणार कुठे, समोर फडफडत राहतं आणि मांजर मारत राहतं.

म्हणून ते पापी ठरत नाही, आणि संतही नाही! आपण शिकार करू नये, पण ते जनावरं आदर्श आहेत म्हणून नव्हे, आपल्याला थांबून विचार करता येतो म्हणून. जानेवारी २०२० मध्ये गोव्यातच म्हादई अभयारण्यात गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले, तेव्हा "गुरं मारली ना त्यांनी" असं म्हणणारे भेटले, मला ते अजून सहन होत नाही. गाय कोणाच्या मालकीची हे वाघिणीला कसं कळणार?

मावशीने बारीक जाळी मारली, दाराला कडी लावली. त्यानंतर एकही कोंबडी गेली नाही.