सुपरहिरो कॉमिक्समधला नवा ‘अंक १’

चालू सुपरहिरो मालिका थांबवायची आणि बहुधा त्याच नावाने ती पुन्हा अंक १ पासून काढायची, या अमेरिकी प्रकाशकांच्या प्रथेला रीलाँच म्हणतात. रीबूट ही वेगळी गोष्ट. त्यात पात्राचा पूर्वेतिहासच पुसतात किंवा बदलतात. दोन्ही एकदम होऊ शकतात, पण रीलाँचसाठी कथेला हात लावावाच लागतो असे नाही. लेखक-चित्रकार नवे आले तरी भागते, कधी तेही जुनेच असतात.

मराठी मासिकावर ‘वर्ष २० वे, अंक १ ला’ असे छापतात. अंक १ दरवर्षी येतो, त्याचे कुणाला अप्रूप नसते. अमेरिकी कॉमिक्सचा क्रमांक मात्र दशकानुदशके चढत राहायचा. आठशेच्या घरातला आकडा पाहून नवखा वाचक बिचकतो आणि पहिल्या अंकासाठी संग्राहक हात सैल सोडतो. प्रथेचे मूळ या दोन सवयींत आहे.

व्यवहार असा चालतो. कॉमिक्सची खास दुकाने अंक बहुतांशी परत न करण्याच्या बोलीवर घेतात. मागणी दोन-तीन महिने आधी कॅटलॉग पाहून नोंदवायची, आणि आकडा बदलायची शेवटची मुदत विक्रीच्या साधारण तीन-चार आठवडे आधी संपते. म्हणजे दुकानदाराला बरेचदा अंक न वाचताच अंदाज बांधावा लागतो. प्रकाशक जुनी मालिका एखाद्या मोठ्या कथानकाच्या शेवटी बंद करतो, नवा पहिला अंक जाडजूड आणि महाग काढतो आणि त्याला अनेक मुखपृष्ठे देतो. ‘१:२५’ मुखपृष्ठ म्हणजे साध्या मुखपृष्ठाच्या २५ प्रती उचलणाऱ्याला त्याची एक प्रत. ती एक चढ्या भावाने गेली तर बऱ्याच प्रतींचा खर्च भरून निघतो, नाही तर उरलेला माल दुकानातल्या खोक्यात पडून राहतो. त्यामुळे पहिल्या अंकाच्या खपाचा आकडा हा दुकानांनी उचललेल्या प्रतींचा असतो, वाचकांचा नव्हे. १९९१ मध्ये मार्व्हल या बड्या प्रकाशकाच्या ‘एक्स-मेन’ या नव्या मालिकेच्या अंक १ च्या, पाच मुखपृष्ठे मिळून, ८० लाखांवर प्रती गेल्या. तो आजही दुर्मीळ नाही.

दुसऱ्या अंकाला मागणी घसरते, हे धरूनच चालतात. खरी गळती मात्र जुन्या गिऱ्हाइकांत होते. दुकानात दरमहा ठेवून घेतलेली मालिका संपली की नव्या नावनोंदणीच्या वेळी काहीजण सरळ सोडून देतात.

क्रमांकाचा हिशेब हा या प्रथेतला सर्वांत गमतीदार भाग. डीसी या दुसऱ्या बड्या प्रकाशकाने २०११ मध्ये एकदम ५२ मालिका अंक १ पासून काढल्या. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ ९०४ वर आणि ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ ८८१ वर थांबले. नव्या फेरीत दोन्हींचे ५२-५२ अंक निघाले आणि २०१६ मध्ये ते सारे जुन्या हिशेबात मिळवून ९५७ व ९३४ पासून पुढे मोजणी सुरू झाली. हजारावा अंक दिसू लागला की पहिल्या अंकाचा मोह आवरता येतो. ‘अ‍ॅक्शन’ने हजार २०१८ मध्ये गाठले, ‘डिटेक्टिव्ह’ने २०१९ मध्ये. मार्व्हलचा ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ ४४१ नंतर १९९९ मध्ये अंक १ झाला, ५८ अंक निघाले आणि त्यानंतरच्या अंकावर थेट ५०० छापले. पुढे २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ मध्ये पुन्हा अंक १. आता मुखपृष्ठावर ‘एलजीवाय’ (‘लेगसी’, म्हणजे वारसा) या अक्षरांसह मूळ मोजणीचा क्रमांकही बारीक छापतात. २०२२ च्या फेरीतला अंक ६ हाच मूळ मोजणीत ९०० वा आहे.

इंदूरच्या खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून सुटा अमेरिकी अंक हाती आला, तर नुसत्या क्रमांकावर विसंबू नये. आतल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपातला प्रकाशनाचा मजकूर पाहावा. तिथे मालिकेचे नाव, क्रमांक आणि साल मिळते. छापलेला महिना मात्र विक्रीच्या दोनेक महिने पुढचा असतो. ‘वेताळ’ची इंद्रजाल कॉमिक्स जपून ठेवणाऱ्या इंदूरच्याच रामबागेतल्या घरात सुरुवातीच्या अंकांचे गठ्ठे क्रमांकाने लावलेले चालतात, अमेरिकी अंक मात्र आधी सालाने लावावेत. ऑनलाइन मागवायच्या संकलित खंडांतही तोच घोळ होतो, कारण प्रत्येक रीलाँचनंतर नवा ‘खंड १’ निघतो. मागवण्याआधी लेखकाचे नाव आणि खंडात कोणत्या सालचे, कोणते अंक आहेत ते वाचावे. नाही तर एकाच नायकाचे दोन पहिले खंड घरी येतात आणि दुसरा खंड दोहोंपैकी कशाचा, हे पुन्हा शोधत बसावे लागते.